एकशे वीस कार्डं

सकाळी अकराला एकदा आणि संध्याकाळी पाचला एकदा, असं जवळजवळ पाच महिने मी माझ्या नवऱ्याची परीक्षा घेत होते. विषय अरबी. मला स्वतःला अरबीचं एक अक्षर ओळखता येत नाही.

यांची नोकरी भाषांतर कचेरीतली. बाहेरून आलेले अरबी कागद, म्हणजे जन्माचे दाखले, दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, कोर्टातल्या जबान्या, आपल्या भाषेत उतरवायचे आणि खाली आपला शिक्का मारायचा. शिक्का पडला की कागद पुढे चालतो, मग त्याला कोणी अडवत नाही. तीस वर्षं यांनी तो शिक्का मारला. नवीन लागलेल्यांना शिकवायचे तेही हेच, म्हणून कचेरीत नाव पडलं मोठे मास्तर. घरी मला चिडवायचे, "तू दिवसभर अरबीच तर बोलतेस. वकील, तारीख, अर्ज, इमारत. फक्त शिक्का माझ्याकडे आहे एवढंच."

एका सकाळी दाढी करता करता यांच्या हातातला ब्रश गळून पडला. मी धावत गेले. यांना मला हाक मारायची होती, पण हाकेच्या जागी नुसता आवाज आला.

हात-पाय बरेचसे परत आले. उजव्या हाताची बोटं तेवढी आळशी राहिली. वाचा सुधारायला दवाखान्यातून एक बाई यायच्या. गप्प माणसासमोर तासभर त्या एकट्याच बोलत, म्हणून आम्ही त्यांना बोलक्या बाई म्हणायचो. त्यांनी चित्रं दाखवून दाखवून मराठी तीन महिन्यांत परत आणली. थोडी लंगडत, पण आली. मग एक दिवस म्हणाल्या, "ताई, अरबीतलं मला ओ की ठो कळत नाही. ती तुम्हीच घ्या. रोज, ठरलेल्या वेळी, न चुकता. तुम्ही नेमधर्माच्या आहात, तुम्हाला जमेल."

नेम मला जमतो, हे खरं आहे. तिथेच तर सगळं चुकलं.

कचेरीचा नियम असा, की शिक्का असलेला माणूस आजारपणात सहा महिन्यांवर घरी राहिला, तर परत बसण्याआधी त्यानं परीक्षा द्यायची. एकशे वीस शब्द, आणि क्रियापदाची चौदा रूपं. शंभर शब्द तरी बरोबर यायला हवेत. हा नियम पंधरा वर्षांपूर्वी यांनीच लिहून दिलेला. शब्दांची कार्डंही यांनीच केलेली, एक संच कचेरीत आणि एक घरी. कार्डाच्या एका बाजूला जाड लेखणीनं अरबी शब्द, दुसरी बाजू कोरी. अर्थ मागे लिहिला की शिकणाऱ्याचा डोळा मागे जातो, असं यांचं मत. अर्थ एका वेगळ्या यादीत, एक ते एकशे वीस.

आता मला कार्ड वाचता येत नाही. मग बरोबर-चूक कळणार कसं? तर कार्डं यादीच्या ओळीनं ठेवायची. पहिलं कार्ड, यादीतला पहिला अर्थ. दुसरं कार्ड, दुसरा. दहा-दहाचे गठ्ठे करून मी त्यांना रबर लावलं आणि जपमाळेसारखी सांभाळली. एक कार्ड इकडचं तिकडं होऊ दिलं नाही.

"पुस्तक," हे म्हणायचे.

"बरोबर."

"लेखणी."

"बरोबर."

"दार... नाही. दारच."

"दारच. बरोबर."

पहिल्या आठवड्यात सहा आले. मी वहीत सहा लिहिलं. महिन्यानं एकवीस, मग चाळीस, मग सत्तर. शंभरी गाठली त्या दिवशी मी देवापुढे जास्तीची वात लावली. हे खुर्चीत असे ताठ बसले होते, जणू कोणी फोटो काढणार आहे. क्रियापदांची चौदा रूपं तर यांना पहिल्यापासून तोंडपाठ होती. फअल, फअला, फअलू, अशी चालीत म्हणायची असतात ती. त्यानं केलं, त्या दोघांनी केलं, त्या सर्वांनी केलं. ऐकून ऐकून मीही भांडी घासताना म्हणू लागले. फोनवर लेक हसली, "आई, तू आता शाळामास्तरीण झालीस. छडी तेवढी आणायची राहिली."

"छडी कशाला?" मी म्हटलं, "तुझे बाबा पहिल्या नंबरात आहेत."

"आणि तू?"

"मी काय, मी शिपाईण. घंटा वाजवते."

ती हसली, मीही हसले. पण फोन ठेवल्यावर तिथेच स्टुलावर बसून राहिले, कारण उठावंसं वाटेना. यांची अंघोळ, यांची बटणं, गोळ्या तीन वेळच्या, बोटांचे व्यायाम, कार्डं दोन वेळची. माझा पहाटेचा जप दोन माळांवरून एकीवर आला होता, आणि त्या एकीतही मध्येच मान पडायची. हे पास व्हावेत म्हणून मी रोज देवाला सांगत होते. यांच्यासाठी सांगते, असं म्हणायची सोय होती. खरं म्हणजे नऊ ते सहा घर रिकामं हवं होतं मला. दुपारी दार लावून, कोणाचीही हाक कानावर येणार नाही अशी दोन तास पडायचं होतं. इतकंच मागणं होतं.

परीक्षा सोमवारी ठरली. आदल्या शुक्रवारी दुपारी हे झोपले होते. मी टेबल पुसायला गेले आणि पाण्याचा तांब्या कलंडला तो थेट कार्डांच्या डब्यात. रबरं काढली, एकेक कार्ड फडक्यानं टिपलं आणि पुढच्या खोलीत जमिनीवर ओळीनं मांडलं. दहाची एक रांग, अशा बारा रांगा. गुडघे दुखायला लागले. मग उठून पंखा लावला. हळू लावायचा होता. बटण पाचावर फिरवलं गेलं आणि मी पाठ वळवून फडकं पिळायला गेले.

परत आले तेव्हा कार्डं कपाटाखाली, दाराजवळ, एकमेकांवर, उलटीपालटी. एकही रांग शिल्लक नव्हती.

गोळा केली, सुलटी केली आणि जमतील तशी रबरात घातली. मनात म्हटलं, उद्या छोट्या मास्तरांना फोन करू, ते येऊन लावून देतील. छोटे मास्तर म्हणजे यांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस, यांच्या मागे आता तेच खुर्ची सांभाळत होते. आज पाचची परीक्षा नको घ्यायला. पण पाचच्या ठोक्याला हे खुर्चीत येऊन बसले, केस नीट विंचरून. नाही म्हटलं असतं तर रात्री जेवले नसते. म्हटलं, घेऊ. तपासता येणार नाही, पण यांचा सराव तर होईल.

मी पहिलं कार्ड धरलं. कुठलं होतं देव जाणे.

"पुस्तक," हे म्हणाले.

योगायोग असेल. मी दुसरं धरलं.

"लेखणी."

तिसरं.

"दार."

माझे हात आपोआप चालत होते. पुढचं कार्ड, पुढचं कार्ड. समोर यादी उघडी होती आणि हे यादीतला शब्द न् शब्द सांगत होते, साक्षीदार, वारसा, औषध, नदी, अगदी क्रमानं. कार्डाकडे बघत होते, पण आपण रस्त्यावरून जाताना पाट्यांकडे बघतो तसं. एकशे वीसपैकी एकशे चौदा बरोबर आले. कार्डं सगळी विस्कटलेली असताना.

मला कळायला वेळ लागला नाही, कारण माझं स्वतःचं तसंच आहे. माझी स्तोत्रं मला ओळीनं येतात. मधलीच ओळ कोणी विचारली तर पहिल्यापासून सुरू करून तिथवर चालत जावं लागतं. अर्थ विचारला तर आणखीनच पंचाईत.

तरी खात्री करून घेतली. सगळ्यात वरचं कार्ड, ज्याला हे पुस्तक म्हणाले होते, ते पुन्हा धरलं. "हे एकदा सांगा."

यांनी पाहिलं. ओठ हलले. "पाऊस?"

"बरोबर," मी म्हटलं. जीभ सवयीनं वळली.

वहीत आकडा लिहायला घेतला आणि हात थांबला. एकशे चौदा लिहिलं तर खोटं, आणि खरं काय ते मला माहीत नाही. तो रकाना कोराच ठेवला.

शनिवार गेला. छोट्या मास्तरांना मी फोन केला नाही. रविवारी सांगायचं ठरवलं. तर सकाळी बघते, हे पायरीवर बसून डाव्या हातानं बुटांना पॉलिश करताहेत. एका बुटाला अर्धा तास. पॉलिशचा डाग पायजम्यावर, गालावर.

"चकाकतोय?" यांनी विचारलं.

"आरसाच झालाय. तोंड बघा त्यात, गालाला लागलंय."

हे हसले. आजारानंतर हसू थोडं एका बाजूला जातं. म्हणाले, "उद्या... शिक्का." आणि हवेत शिक्का मारल्यासारखी मूठ खाली आणली.

मी आत जाऊन भाजी चिरायला लागले. सांगितलं नाही. देव सगळं बघतो म्हणतात. त्यानंच काय ते बघावं, माझ्यात आता त्राण नाही, असंही मनात आलं.

सोमवारी दहाला कचेरीत पोचलो. जिना चढताना यांनी माझा हात सोडला आणि कठडा धरला. वर व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर कागदांची जाड फाइल, फाइलला दोरी बांधलेली. यांना पाहून उभीच राहिली.

"मोठे मास्तर तुम्हीच का? आज बसणार ना?"

हे मान डोलावून आत गेले. मी मागे राहिले.

"चार दिवस येतेय हो," ती मला म्हणाली. "मुलीचे तिकडच्या दवाखान्यातले कागद आहेत. इथले डॉक्टर म्हणतात, तिथं काय काय दिलं ते कळल्याशिवाय आम्ही सुई लावणार नाही. छोट्या मास्तरांकडे ढीग पडलाय. म्हणाले, मोठे आले की त्यांच्याकडे देतो. त्यांच्या हातचं चुकत नाही म्हणे."

"नाही चुकायचं," मी म्हटलं. ते पूर्वीचं खरं होतं.

"मग थांबते. किती वेळ लागेल?"

"बघते," मी म्हटलं आणि आत गेले.

आत चार-पाच जण जमले होते. कोणी यांचा खांदा थोपटला, कोणी खुर्ची पुढे केली. यांचं जुनं टेबल पुसून ठेवलं होतं. छोटे मास्तर माझ्या पाया पडायला वाकले. मी म्हटलं, "राहू दे, आज तुम्ही परीक्षक."

"काकू, लाजवू नका. यांची परीक्षा मी घ्यायची म्हणजे बापाला बोट धरून चालवण्यासारखं आहे. नुसता कागद भरायचाय."

आधी क्रियापद. हे उभे राहिले आणि चौदा रूपं चालीत म्हणून टाकली, कुठेही अडखळणं नाही. एक कारकून हळूच म्हणाला, "आहा, आवाज अजून तोच, घंटेसारखा." छोट्या मास्तरांनी फुली नाही, बरोबरची खूण केली. मधलंच एखादं रूप विचारायचा नियम होता. त्यांनी कागदावर बोट ठेवलं, यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं पान उलटलं.

मग त्यांनी खणातून कार्डांचा कचेरीतला संच काढला. फितीत बांधलेला, एक ते एकशे वीस, ओळीनं. आणि माझ्यापुढे ठेवला.

"काकू, तुम्हीच दाखवा. बोलक्या बाईंची तशी चिठ्ठी आहे, ओळखीच्या माणसानं दाखवलेलं बरं म्हणून. आहेत तशीच घ्या. मी मागे उभा राहून खुणा करतो."

मी फीत सोडली. वरचं कार्ड पुस्तक असणार, त्याखाली लेखणी, त्याखाली दार. तासाभरात सगळं आटोपलं असतं. उद्यापासून डबा भरून दिला असता, नऊला जिन्याखाली सोडलं असतं आणि घरी येऊन दार लावून घेतलं असतं. मी काहीही खोटं बोलायची गरज नव्हती. फक्त आहेत तशीच घ्यायची होती.

दार उघडंच होतं. व्हरांड्यातल्या बाईनं फाइलची दोरी सोडून कागद वर-खाली लावायला घेतले होते, आता बोलावतील म्हणून.

मी कार्डांचे दोन भाग केले. एकात एक सरकवले. मग पुन्हा केले, पुन्हा सरकवले. मला पिसता येत नाही नीट, दोन कार्डं खाली पडली, ती उचलून मध्येच कुठेतरी खुपसली. छोटे मास्तर "काकू" एवढंच म्हणाले आणि थांबले. यांनी माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

मी पहिलं कार्ड धरलं.

"पुस्तक," हे म्हणाले, पण खालच्या आवाजात.

मागे पेन्सिल हलली नाही. मी दुसरं धरलं.

"लेखणी." आणि मग, "नाही." मग बराच वेळ काहीच नाही. कपाळावर घाम आला. मला पदरानं टिपावासा वाटला, टिपला नाही.

पाच कार्डं झाली, दहा झाली. एकाला हे चटकन "औषध" म्हणाले आणि मागे छोट्या मास्तरांनी इतक्या जोरात खूण केली की पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यानंतर आणखी तीन आले. तिसाव्या कार्डाला यांनी टेबलावर पंजा ठेवला.

"पुरे," म्हणाले. "लिही. चार."

"मास्तर, पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा..."

"नियम... माझा आहे," हे म्हणाले. "लिही."

छोट्या मास्तरांनी लिहिलं. यांनी डाव्या हातानं खाली सही केली. मग खिशातून शिक्का काढला. कधी घेतला होता मला माहीत नव्हतं. तो टेबलावर ठेवून हे उठले. व्हरांड्यात ती बाई पुढे आली, तसे छोटे मास्तर मागून म्हणाले, "ताई, आत या. तुमचे आधी घेतो, ढीग राहू दे." ती आत गेली. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही, आणि पाहावं तरी का.

गाडीत बसल्यावर हे खिडकीबाहेर बघत होते. घराचं वळण आलं तेव्हा म्हणाले, "शत्रूनंही... एवढं केलं नसतं."

"हो," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार? शत्रूला यांच्या कार्डांची ओळ कुठे माहीत होती.

त्यानंतर सोमवारभर आणि मंगळवारी हे बोलले नाहीत. जेवले, गोळ्या घेतल्या, बटणं माझ्याकडून लावून घेतली, पण अक्षर काढलं नाही. लेकीचा फोन आला तर हातानंच नको म्हणाले. मी सांगितलं तिला सगळं. ती म्हणाली, "आई, तू त्यांना घरी तरी विचारायचंस." बरोबर होतं तिचं. घरी विचारायला ताकद लागते, ती माझ्यात नव्हती. कचेरीत आयत्या वेळी कुठून आली ते मलाही सांगता येणार नाही.

बुधवारी अकरा वाजता मी गव्हाचे खडे काढत होते. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बघते तर हे टेबलाशी येऊन बसलेले, कार्डांचा डबा समोर.

"आता कशाला?" मी विचारलं. "आता कोण विचारणार आहे?"

यांनी डबा माझ्याकडे सरकवला.

मी ताट बाजूला ठेवून समोर बसले. विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

"ओळ... येत होती," हे म्हणाले. "शब्द नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बरोबर म्हणायचीस."

रागानं म्हणाले नाहीत. आज काय वार आहे ते सांगावं तसं म्हणाले. मी कार्डं काढली. ती शुक्रवारपासून विस्कटलेलीच होती, तरी यांच्या देखत पुन्हा पिसली. एक उचलून धरलं.

हे पुढे वाकले. पहिल्यांदाच मी यांना कार्डाकडे खरोखर बघताना पाहत होते. अक्षराच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत डोळा फिरत होता, थांबत होता, परत येत होता. बाहेर कोणीतरी चादर झटकली. घड्याळ दहा मिनिटं पुढे गेलं. माझा हात भरून आला, तसं दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला.

"नदी," शेवटी हे म्हणाले. आणि माझ्याकडे पाहिलं. "बरोबर?"

यादी खणात होती. काढून उपयोग नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा."

यांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. खूप वेळ पाहिलं.

"नसावं," म्हणाले, आणि ते आपल्या बाजूला पालथं ठेवलं. "दुसरं दे."

"थोड्या वेळानं देते," मी म्हटलं. "आज मी दमलेय."

हे डबा स्वतःकडे ओढून डाव्या हातानं दुसरं कार्ड काढायला लागले. मी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.